डावी कड

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज वाचनालयाच्या वरच्या खोलीत पांघरुणाला मुहूर्त लागला. घरोघरची उरलीसुरली लोकर आणायची, प्रत्येकीने निरनिराळ्या टाक्यांचे चौकोन विणायचे आणि ते जोडून खाली मुलांच्या कोपऱ्यासाठी एक मोठं पांघरूण करायचं. ही कल्पना माझी. शाळांना सुट्टी लागायच्या आत ते तयार हवं, ही अट ग्रंथपालबाईंची.

ट्युनिशियन क्रोशे शिकवणारीही मीच. सगळ्यांच्या हातात लांब सुया दिल्या आणि सगळी हयात गाडी शिकवण्यात घालवलेल्या आवाजात सांगितलं, "जाताना उजवीकडून डावीकडे एकेक फंदा उचलून सुईवर घ्यायचा, येताना एकेक सोडत यायचं. काम उलटं फिरवायचं नाही, कधीच नाही. उजवी कड कायम उजवीकडे, डावी कायम डावीकडे. आणि डावीकडचा शेवटचा टाका विसरलात, तर चौकोन अरुंद होत जाईल आणि मी तो परत करीन."

दातांच्या डॉक्टरीणबाई लोकर इतकी आवळून धरतात की त्यांच्या चौकोनावर भाजी चिरावी. ग्रंथपालबाईंचा उलट, चाळणीसारखा. पण दोघी मनापासून शिकतात.

न बोलावता आल्या त्या विहीणबाई. माझ्या लेकीच्या सासूबाई, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. येऊन नेमक्या माझ्या डाव्या हाताला बसल्या. पूर्वी एकदा त्या माझ्याकडे गाडी शिकायला आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मी जरा आवाज चढवला, तर बाईसाहेब भर रस्त्यात गाडी बंद करून उतरल्या आणि चालत घरी गेल्या. तेव्हापासून माझ्या गाडीच्या पुढच्या सीटवर त्यांनी पाऊल ठेवलेलं नाही.

आमची नात आठ वर्षांची. तिला मी खार म्हणते, कारण ती एका जागी बसत नाही. लेक आणि जावई दोघं नोकरीवर, म्हणून खारीला शाळेत सोडायचं आणि आणायचं काम माझं. विहीणबाई तिच्याच घरात राहतात, म्हणून त्या घरआजी. मी गाडीआजी. हे नाव मला फार आवडतं, वहीत लिहायला काय हरकत आहे!

रविवार, ८ फेब्रुवारी

काल दुपारी डोकं असं चढलं की भाजी चिरता चिरता विळी तशीच टाकून आडवी झाले. गोळी घेतली, झोपले, उठल्यावर बरं वाटलं.

पेपरवाल्यांना मात्र झालंय काय कोण जाणे. एक ओळ संपली की पुढची कुठे सुरू होते ते सापडत नाही. आजकाल कुणाला कामाची चाड नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

विहीणबाई मांजरीच्या पावलांनी चालतात. मी विणण्यात गुंग, आणि एकदम कानाशी आवाज, "लोकर देता का ती निळी?" केवढ्यांदा दचकले! त्या म्हणे केव्हाच्या तिथे बसल्या होत्या. त्याच गडबडीत माझा चहा सांडला. कपही त्यांनीच माझ्या कोपराशी सरकवून ठेवला असणार, कारण मी ठेवलेला मला आठवत नाही.

माझा आजचा चौकोन वरच्या बाजूला किंचित निमुळता झाला. लोकर वेगवेगळ्या जाडीची असली की असं होतं. चौकोन जोडण्याचं काम विहीणबाईंनी अंगावर घेतलं. मी हो म्हटलं. जोडण्यात काही शिकवण्यासारखं नसतं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

गाडीचा डावा आरसा गेला. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी टेम्पो असा लावला होता की जसं काही रस्ता त्याच्या मालकीचा. मी खाली उतरून त्या ड्रायव्हरची अशी खरडपट्टी काढली की तो बिचारा माफी मागून मोकळा झाला. मागून खार म्हणाली, "गाडीआजी, तो तर उभाच होता." मी म्हटलं, "उभा होता, पण चुकीच्या जागी उभा होता."

ही गाडी माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची. स्कूल बंद केलं तेव्हा बाकी सगळं विकलं, ही ठेवली. डावीकडच्या सीटसमोर पायाशी शिकवणाऱ्याचा दुसरा ब्रेक अजून आहे. त्या सीटवर बसून मी अर्ध्या गावाला गाडी शिकवली आणि कधी कुणाला साधं खरचटू दिलं नाही. आता आरसा बदलायला हवा.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आज माझा राग नाकावर नाही, पार टाळूवर गेला आहे. जोडलेले चौकोन बघायला मागितले, तर माझ्या तीन चौकोनांना डाव्या बाजूने पांढऱ्या लोकरीची पट्टी! वर रुंद, खाली नाहीशी. मी विचारलं, "हे कुणी केलं?"

विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "मीच. वरच्या बाजूला कमी पडत होते, म्हणून भरून काढलं."

"माझे चौकोन कमी पडत होते? मी शिकवलंय तुम्हाला सगळ्यांना."

"म्हणून तर नवल वाटलं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हल्ली डोकं दुखतं का तुमचं?"

"दुखतं ना. कुणामुळे दुखतं तेही सांगू का?"

डॉक्टरीणबाई सुई तोंडात धरून खाली बघत राहिल्या. घरी येऊन मला कळलं ते असं: पहिले दोन चौकोन माझे अगदी काटकोनात. पुढचे सगळे बिघडले, तेही विहीणबाई ते घरी न्यायला लागल्यापासून. घरी नेतात आणि बाजूचे टाके उसवतात. वर पट्टी लावून आपण किती समजूतदार ते दाखवतात. उद्या लेकीला सांगतील, तुझ्या आईला साधा चौकोन जमत नाही, तिच्या हातात पोर कशाला देतेस.

बुधवार, २५ फेब्रुवारी

सोमवारपासून विहीणबाई सकाळी आमच्या गाडीत! खारीच्या वर्गशिक्षिकेला भेटायचं आहे म्हणाल्या. सोमवारी भेटल्या. मंगळवारी पुन्हा भेटायचं होतं. आज काहीच कारण सांगितलं नाही, सरळ पुढच्या सीटवर येऊन बसल्या. इतक्या वर्षांचा रुसवा एका आठवड्यात संपला, यावर विश्वास ठेवायला मी काही बाळ नाही.

आणि तोंड बंद नाही. "डावीकडून स्कूटर येतेय." "डावीकडे आजोबा उभे आहेत." मी म्हटलं, "मला दिसतं." त्या म्हणाल्या, "दिसले ना ते आजोबा?" आता एखादा आजोबा दिसला की बाकीचं सोडून त्याचं कौतुक करायचं का? गाडी मी शिकवली आणि ही मला शिकवतेय.

खार आज माझी वही बघून म्हणाली, "तू पानाच्या मधूनच का लिहायला सुरुवात करतेस?" मुलांना काय, काहीही सुचतं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

पेन दोनदा टेबलावर आपटलं. रागाने.

शाळेच्या अलीकडच्या चौकात मी डावीकडे वळत होते. वेग कमी, इंडिकेटर दिलेला, रस्ता मोकळा. आणि गाडी खाडकन थांबली. खारीचं दप्तर मागच्या सीटवरून खाली गेलं. विहीणबाईंनी माझा ब्रेक दाबला होता! दुसरा ब्रेक! तो कुठे असतो हे मीच त्यांना दाखवलं होतं, त्या तीन दिवसांत.

मी ओरडणार इतक्यात काचेच्या समोरून एक सायकलवाली मुलगी गेली. कुठून आली देव जाणे. आभाळातून पडल्यासारखी आली. एका हाताने हँडल धरलेलं, चेहरा पांढराफटक. आमच्याकडे बघत बघत निघून गेली. मागे खारीने दप्तर उचलून छातीशी धरलं होतं.

शाळेच्या फाटकाशी मी विहीणबाईंना बाजूला घेतलं. "पुन्हा माझ्या गाडीत पाय हलवलात तर बघा."

त्या म्हणाल्या, "ती मुलगी आपल्या बरोबरीने चालली होती. बराच वेळ. मी दोनदा सांगितलं तुम्हाला."

"मला ऐकू आलं नाही."

"ऐकू आलं. तुम्ही 'हो' म्हणालात. पण बघितलं नाहीत." त्यांचे डोळे भरले होते. मी असं रडणं खूप बघितलंय, गाडी शिकणाऱ्यांचं. "पुढच्या शनिवारी मुलींना घेऊन तळ्यावर जाऊ नका. हायवे आहे. माझं एवढं ऐका."

तळ्यावरची सहल मी खारीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना महिन्याभरापूर्वी कबूल केली आहे. ती मी रद्द करावी म्हणजे काय? म्हणजे विहीणबाईंनी सांगावं आणि मी मान डोलवावी. जाणार म्हणजे जाणार.

एक मात्र मला समजत नाही. ती सायकल मला आधी का दिसली नाही?

गुरुवार, ५ मार्च

आज सगळ्यांसमोर बोलून टाकलं. मनात ठेवून कुढणाऱ्यातली मी नाही. म्हटलं, "माझे चौकोन घरी नेऊन कडेने उसवले जातायत. कोण उसवतंय ते तिचं तिने सांगावं."

मग डॉक्टरीणबाई चाचरत म्हणाल्या, "पण कडेने उसवतच नाही ना हे? तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलंत. वरून ओढलं तरच सुटतं, तेही ओळीच्या ओळ."

हे खरं होतं. मी स्वतः सांगितलं होतं.

विहीणबाई उठल्या. त्यांनी टेबलावरचे कप बाजूला केले आणि माझे सगळे चौकोन विणले त्या क्रमाने मांडले. पांढऱ्या पट्ट्या त्यांनी काढून टाकल्या होत्या. पहिले दोन सरळ. तिसऱ्यापासून प्रत्येक चौकोनाची उजवी कड पट्टीने आखावी तशी, आणि डावी आत आत सरकत गेलेली. सगळे एकाच बाजूला कललेले.

"साधं क्रोशे असतं तर ओळीगणिक काम उलटवलं असतं," त्या म्हणाल्या, "मग एकदा ही कड चुकली असती, एकदा ती. कुणी लक्ष नाही म्हणालं असतं. पण हे काम आपण उलटवत नाही. डावी बाजू कायम डावीकडे. आणि तुमची उजवी कड एकदाही चुकलेली नाही, विहीणबाई. एकदाही नाही."

"मग?"

"मग तुम्ही डोळे दाखवून घ्या. शनिवारच्या आधी. मी तुमच्या लेकीला अजून बोलले नाही. आधी तुम्हालाच सांगायचं होतं."

माझ्या चष्म्याचा नंबर नीट आहे. दूरची पाटी वाचता येते, सुईत दोरा ओवता येतो. मी तसं ठणकावून सांगितलं, पिशवी उचलली आणि निघाले. निघताना खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. डावा खांदा. मागून सगळ्याजणी एकदम "अगंबाई" म्हणाल्या.

शनिवार, ७ मार्च, दुपार

जमेल तसं लिहिते.

खार काल रात्री माझ्याकडेच झोपली होती. सकाळी तयारी झाली, डबे भरले, तिच्या मैत्रिणी त्यांच्या फाटकाशी उभ्या राहून वाट बघणार होत्या. गाडीची किल्ली घ्यायला गेले तर किल्ली नाही. दाराजवळच्या फळीवर सगळे खिळे एका ओळीत आहेत. घराची किल्ली होती, कपाटाची होती, गाडीची नाही.

मी विहीणबाईंना फोन लावला. काय काय बोलले ते इथे उतरवणार नाही. चोर म्हटलं, एवढं लिहिते. त्या पलीकडून फक्त म्हणाल्या, "मी येते. मी येईपर्यंत थांबा."

फोन ठेवते तर खार मोजे चढवत म्हणाली, "आजी, ही काय किल्ली. इथेच तर आहे."

डावीकडच्या शेवटच्या खिळ्यावर. जिथे मी रोज टांगते तिथे. मी फळीसमोर उभी होते आणि माझ्यासाठी तो खिळा नव्हताच. फळी तिथवर पोचलीच नव्हती.

माझ्याकडे गाडी शिकायला आलेल्या प्रत्येकाची मी पहिल्या दिवशी एक परीक्षा घेत असे. समोर बघायचं, नजर हलवायची नाही. मी दोन्ही हात बाजूला पसरून बोटं हलवणार, कुठलं बोट हलतंय ते सांगायचं. जो सांगू शकला नाही त्याला मी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. आला त्याच पावली परत पाठवायचे, मग तो कुणीही असो.

मी खुर्चीवर बसले. खारीला समोर उभं केलं. "हात पसर. मी तुझ्या नाकाकडे बघते. आता एका हाताची बोटं हलव."

उजवीकडे बोटं हलली. म्हटलं, "शाब्बास. आता दुसऱ्या हाताची."

काहीच नाही. भिंत नाही, अंधार नाही, काहीच नाही. "हलव ना गं."

"हलवतेय."

"नीट हलव, खार. चेष्टा नको."

"आजी, मी केव्हाची हलवतेय," ती म्हणाली आणि तिचा आवाज रडवेला झाला. मी मान वळवली. तेव्हा तो हात दिसला. इवलासा हात, पाचही बोटं जीव तोडून हलत होती.

मला ती सायकलवाली मुलगी दिसली, आता दिसली, तिचा तो पांढरा चेहरा. आणि तिच्या जागी खार दिसली. मी पोरीला जवळ घेतलं आणि ढसाढसा रडले. ती मला थोपटत होती.

विहीणबाई चपला हातात घेऊन आल्या होत्या, इतक्या धावत. मी किल्ली त्यांच्या हातात दिली.

बुधवार, ११ मार्च

डोळे ठणठणीत आहेत, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. डोक्याचा फोटो काढला तेव्हा कळलं, बिघाड डोळ्यांच्या मागे, मेंदूत. ज्या दुपारी डोकं चढलं त्या दुपारी तिथे रक्ताची एक लहानशी गुठळी अडकली आणि दोन्ही डोळ्यांची डावी बाजू घेऊन गेली. आपल्याला जे दिसत नाही ते दिसत नाही हेही समजत नाही, असं त्यांनी मला समजावलं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून गोळ्या. गाडी बंद. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, बंद म्हणजे बंद.

लेक माझ्यावर ओरडली, मग गळ्यात पडली, मग पुन्हा ओरडली. माझीच लेक आहे.

मी आता गाडीआजी नाही. दिवसभर तेवढंच मनात येतंय.

गुरुवार, १९ मार्च

वाचनालयात जायचं नव्हतं. विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, उजव्या बाजूला, आणि म्हणाल्या, "चला. शिकवणारी नसेल तर डॉक्टरीणबाई पांघरुणाची लाकडी फळी करतील."

सगळ्यांसमोर मी विहीणबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "चोर म्हटलंत त्याचं वाईट वाटलं. उसवते म्हणालात त्याचं जास्त." मग आम्ही दोघीही हसलो.

माझ्या वाकड्या चौकोनांचं काय करायचं यावर बरीच चर्चा झाली. ग्रंथपालबाई पांढऱ्या पट्ट्या परत लावू म्हणत होत्या. मी एक चौकोन उचलला, त्याच्या शेजारचा उलटा केला, खालची बाजू वर, आणि दोघांच्या तिरक्या कडा एकमेकींना लावल्या. जोडी सरळ झाली. मग दुसरी जोडी, तिसरी. पट्टी कशालाच लागली नाही. माझा आवाज पुन्हा चढला, "ओढून जोडायचं नाही! टाक्याला टाका!" आणि डॉक्टरीणबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "आल्या परत."

नव्या चौकोनाच्या डाव्या कडेला विहीणबाईंनी लाल लोकरीचा एक लांब धागा बांधून दिला. लाल दिसेपर्यंत परत फिरायचं नाही. मान वळवत राहायचं. पहिल्या ओळीला मी चिडले, पाचव्या ओळीला विसरले. चौकोन सरळ आला. खारीने घरी या वहीच्या प्रत्येक पानावर डावीकडे लाल रेघ मारून दिली आहे. हे सगळं त्या रेघेपासून लिहिते आहे.

शनिवार, १८ एप्रिल

पांघरूण झालं. आज वाचनालयात नेऊन द्यायचं होतं.

विहीणबाई महिनाभर गाडी शिकत होत्या. माझ्याकडे नाही. "तुम्ही ओरडता," असं तोंडावर सांगून दुसऱ्या स्कूलमध्ये गेल्या आणि काल परीक्षा पास झाल्या. आज किल्ली त्यांनी माझ्या फळीवरून स्वतः घेतली.

मी डावीकडच्या सीटवर बसले. माझी जुनी जागा. पांघरूण मागे खारीच्या मांडीवर, तिच्यापेक्षा मोठं. गाडी दोनदा बंद पडली. मी गाल आतून चावून धरला होता.

"बोला की," विहीणबाई म्हणाल्या.

"क्लच हळू सोडा."

"आणि?"

"आणि डावीकडे बघा. दरवेळी बघा. आरशात नाही, मान वळवून."

"बघते," त्या म्हणाल्या, आणि दर वळणावर, दर गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मान वळवून बघितलं, माझ्या पलीकडे, माझ्या खिडकीतून. मला तिकडे काही दिसत नव्हतं. त्या मोठ्याने सांगत गेल्या: सायकल. दोन मुलं. रिकामं. सायकल.

वाचनालयाच्या फाटकाशी खारीने विचारलं, "आता गाडीआजी कोण?"

विहीणबाईंनी हँडब्रेक ओढला. "ती तीच. मी नुसती चालवते."

सगळा वेळ त्या माझ्या उजव्या हाताला होत्या. संपूर्ण दिसत होत्या. कपाळावरचा घाम, स्टिअरिंगवर आवळलेली बोटं, सगळं. माझा पाय सवयीने दुसऱ्या ब्रेकवर होता. तो एकदाही दाबावा लागला नाही.